'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड'

मराठवाड्यात नामांतर हा शब्द हलक्या हाताने वापरता येत नाही. १९९४ च्या जानेवारीत आमच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यामागे सोळा वर्षांचा संघर्ष होता. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, मुंबईतल्या एका रॉक बँडनेही नाव बदलले. दोहोंची तुलना अर्थातच अप्रस्तुत आहे. तरीही 'रॉक मशीन'चा 'इंडस क्रीड' का व्हावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा वाटतो.

१९८४ मध्ये हा बँड सुरू झाला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार ही त्याची ओळख. त्या काळी रंगभवनात किंवा महाविद्यालयीन महोत्सवांत श्रोत्यांना हवी असत ती इंग्लंड-अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची हुबेहूब नक्कल. यांनीही ती केली. पण १९८८ मध्ये 'रॉक एन रोल रेनेगेड' हा स्वरचित गाण्यांचा संग्रह आला. माझ्या मते या बँडचा खरा निर्णय हाच. नाव बदलणे ही त्याची उशिरा झालेली नोंद. पुढे सतार-तबल्याचे सूर मिसळले, त्याची चर्चा अधिक झाली इतकेच.

इंग्रजीत गाणारे हे लोक 'आपले' कसे, असा आक्षेप आमच्या मराठी विभागांत सहज घेतला जातो. मग 'जेजुरी' इंग्रजीत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांचे काय करायचे? त्यांना आपण दोन्ही भाषांत मानाने सामावून घेतले. गिटारवाल्यांच्या वाट्याला ते औदार्य आले नाही.

उपग्रह वाहिन्यांनी त्यांना वर नेले. 'प्रिटी चाइल्ड'च्या चित्रफितीला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. पण त्याच वाहिन्यांना लवकरच हिंदीची बाजारपेठ उमगली. १९९५ मध्ये बँडचा 'इंडस क्रीड' हा संग्रह आला, आणि अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया'ही त्याच वर्षी. घराघरांत कोणते पोचले हे सांगायला नको. १९९७ मध्ये बँड थांबला.

२०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. मधल्या काळात रुग्णालयांच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्रात गेलेले रंगभवन मात्र रॉकसाठी बंद झाले होते. आता श्रोत्यांना जुन्या विदेशी गाण्यांऐवजी 'टॉप ऑफ द रॉक' हवे होते.