पन्नास फुटांची नळी

गेल्या रविवारी जुनी हार्ड डिस्क आवरायला घेतली. (दर सहा महिन्यांनी घेतो आणि फोटो बघत बसतो. एकही फाईल डिलीट होत नाही.) त्यात डिसेंबर 2007 मधला एक फोटो सापडला. ताईच्या डेन्व्हरच्या घरातला हॉल, सोफ्यावर आई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली चिऊ. चिऊच्या दोन्ही गालांवर चिकटपट्टीचे चौकोनी तुकडे, नाकाखालून गेलेली एक बारीक नळी, आणि ती नळी सोफ्यावरून उतरून गालिच्यावर वळणं घेत पार फोटोच्या बाहेर गेलेली. पन्नास फूट लांब होती. तिच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याखाली, टेबलफॅन आणि मिक्सर यांच्या मधला कुठलातरी आवाज करणारं एक खोकं होतं.

चिऊ माझी भाची. सात आठवडे आधी जन्मली, म्हणजे तेहतिसाव्या आठवड्यात. जन्मल्यावर दोन दिवसांनी कळलं की तिला डाऊन सिंड्रोम आहे. हृदयात एक बारीकसं भोक होतं, ते आपोआप बुजेल म्हणाले आणि ते बुजलंही. पण फुप्फुसांतल्या रक्ताचा दाब जास्त होता आणि झोपली की रक्तातला ऑक्सिजन खाली यायचा. त्यामुळे महिन्याभराने घरी पाठवताना सोबत ते खोकं, दोन सिलिंडर आणि पायाच्या अंगठ्याला लावायचा लाल दिव्याचा सेन्सर दिला.

साताऱ्याहून आई आली होती डिंकाचे लाडू, वेखंड, बाळगुटीचं सगळं सामान आणि एक छोटं धुपाटणं घेऊन. अंघोळीनंतर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, हे तिच्या दृष्टीने लसीकरणाच्या आधी येतं. ऑक्सिजन कंपनीचा माणूस मशीन बसवून नियम सांगायला लागला आणि मी एकेक वाक्य मराठीत करून आईला सांगत होतो. घरात ज्योत नको. उदबत्ती नको. गॅसच्या शेगडीजवळ बाळाला न्यायचं नाही. चेहऱ्याला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्या कशालाही जळायला प्रचंड मदत करतो, म्हणून. धुरी गेली, तेल गेलं, समईही गेली. आईने त्या वर्षी देवासमोर सेलवर चालणारी पणती ठेवली आणि देवाची माफी मागितली.

त्याच रात्री दाजी मला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "अरे, ऑक्सिजनने लहान मुलं आंधळी होतात असं वाचलं मी. आणि आपण तोच चोवीस तास देतोय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोड लिहिणारा माणूस. पण तेव्हापासून जे वाचत गेलो ते डोक्यातून गेलेलं नाही. फोटो सापडला, तर आता एकदा लिहूनच टाकतो.

दाजी वाचत होते ते खरंच घडलेलं होतं. 1942 साली बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये भिंगामागे पांढरा पडदा वाढून दृष्टी जाण्याचा प्रकार नोंदवला. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुलं अशी आंधळी झाली, त्यातली बहुतेक अमेरिकेत. गायक स्टीव्ही वंडर हा त्यांपैकीच एक, 1950 मध्ये सहा आठवडे आधी जन्मलेला. विचित्र गोष्ट म्हणजे रोग गरीब इस्पितळांत कमी आणि उत्तम सोयीच्या इस्पितळांत जास्त. दूध, जीवनसत्त्वं, लोह, प्रकाश, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

खरा गुन्हेगार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. अपुऱ्या दिवसांचं बाळ अडखळत श्वास घेतं. जास्त ऑक्सिजन दिला की श्वास एका लयीत येतो, बाळ गुलाबी दिसतं. चाळीसच्या दशकात नव्या घट्ट बंद होणाऱ्या काचेच्या पेट्या आल्या, त्यांत ऑक्सिजन भरपूर साठवता येऊ लागला. म्हणून मग तो सगळ्यांनाच, गरज असो-नसो, आठवडेच्या आठवडे दिला जाऊ लागला. पैसा होता तिथे ऑक्सिजन होता आणि ऑक्सिजन होता तिथे आंधळेपण. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी आपल्या शहरातल्या तीन संस्थांची तुलना केली. जिथे ऑक्सिजन सढळ हाताने दिला जात होता तिथे आजार जास्त होता, जिथे हात राखून दिला तिथे कमी.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका सरकारी इस्पितळात अर्नाल पॅट्झ आणि लिरॉय होक यांनी बाळांचे दोन गट करून पाहायला सुरुवात केली, एकाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. यातली एक गोष्ट मला फार मनाला लागली. रात्रपाळीच्या काही नर्सेस कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांचा नॉब गुपचूप वाढवून ठेवायच्या. त्यांना वाटायचं, डॉक्टर या पोरांना गुदमरवताहेत. प्रयोगाच्या दृष्टीने हा केवढा घोळ! पण माझी आई तिथे नर्स असती तर तिनेही तेच केलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

मग 1953 मध्ये अठरा इस्पितळांनी मिळून मोठी चाचणी घेतली आणि 1954 मध्ये निकाल लागला, ऑक्सिजनच दोषी. पॅट्झना 1956 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, तो हेलन केलर यांच्या हस्ते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या धंद्यात ज्याला आम्ही 'रिग्रेशन' म्हणतो, म्हणजे एक बग काढताना दुसरा घुसवणं, तेच इथे झालं. 40 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन द्यायचा नाही असा नियमच होऊन बसला. आंधळेपणाचा आकडा धाडकन खाली आला आणि सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण ज्यांची फुप्फुसंच तयार नव्हती त्यांना 40 टक्के पुरत नव्हते. ती बाळं पहिल्या एक-दोन दिवसांत जात होती, आणि गेलेल्या बाळाचे डोळे कोणी तपासत नाही. 1973 मध्ये केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला, की वाचवलेल्या एकेका दृष्टीमागे अंदाजे सोळा बाळांचे जीव गेले असावेत. अंदाजच तो, पण तो वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

त्यांना दोष तरी काय देणार? नॉब होता, मीटर नव्हता. बाळाच्या रक्तात किती ऑक्सिजन पोचतोय हे सुई न टोचता, सतत पाहण्याची सोयच नव्हती. पेटीतली हवा मोजायची आणि बाळाचा रंग बघायचा. ती सोय 1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेल्या पल्स ऑक्सिमीटरच्या तत्त्वातून आली आणि ऐंशीच्या दशकात ती यंत्रं अतिदक्षता विभागांत पोचली. चिऊच्या अंगठ्यावरचा लाल दिवा तो हाच. 2020-21 मध्ये आपण सगळ्यांनीच बोटाला लावून पाहिलेला.

मधल्या काळात फुप्फुसांचं कोडं सुटत होतं. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं की या बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासानंतर वायुकोश मिटून चिकटतात. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि 39 तासांनी गेला, याच आजाराने. 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरींनी हवेचा सतत हलका दाब देऊन वायुकोश उघडे ठेवायची युक्ती केली. त्यांच्या पहिल्या वीस बाळांतली सोळा जगली.

आता डाऊन सिंड्रोमकडे येतो, कारण या सगळ्या इतिहासात चिऊसारखी मुलं जवळजवळ दिसतच नाहीत. त्याच 1959 साली पॅरिसमध्ये जेरोम लजून आणि मार्थ गोतिए यांच्या कामातून कळलं की या मुलांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. कारण कळलं, पण वागणूक बदलली नाही. "संस्थेत ठेवा आणि विसरून जा," हा अमेरिकेतल्या कित्येक डॉक्टरांचा सल्ला पुढेही चालू राहिला. एप्रिल 1982 मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी एक बाळ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलं. त्याची अन्ननलिका जोडलेली नव्हती. शस्त्रक्रिया शक्य होती, पण आईवडिलांनी नकार दिला, कोर्टाने तो मान्य केला, आणि दत्तक घ्यायला लोक तयार असतानाही सहाव्या दिवशी बाळ गेलं. 'बेबी डो' म्हणून हे प्रकरण गाजलं आणि 1984 मध्ये त्यावरून कायदा बदलला. चिऊच्या जन्माआधी फक्त पंचवीस वर्षं. ताईला मी हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

योगायोग असा की त्याच 1982 साली कूनी आणि थर्लबेक या संशोधकांनी या मुलांची फुप्फुसं तपासून सांगितलं की त्यांत वायुकोशच कमी असतात. म्हणजे बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधीच कमी, त्यात आणखी कमी. शिवाय जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा दोष, फुप्फुसांतला दाब चढण्याची सवय, लहान जबडा, सैल स्नायू, त्यामुळे झोपेत घसा मिटणं. ऑक्सिजन तिथे दुहेरी काम करतो, रक्तातली कमतरता भरून काढतो आणि फुप्फुसांतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतो. चिऊला तो मुख्यतः या दुसऱ्या कामासाठी होता.

आणि हे सगळं घरी कसं आलं? त्यात ताईच्या शहराचाच हात आहे. डेन्व्हर साधारण 1600 मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर वसलेलं शहर समजा. हवा विरळ, त्यामुळे समुद्रकाठी ज्याचं निभावलं असतं त्यालाही तिथे ऑक्सिजन लागतो. साठच्या दशकात तिथल्याच थॉमस पेटींनी मोठ्या माणसांना खांद्याला अडकवायच्या ऑक्सिजनवर घराबाहेर चालायला लावलं. आणि 1976 मध्ये पिनी आणि कॉटन या दोघांनी फुप्फुसं दुखावलेल्या बाळांना ऑक्सिजनसकट घरी पाठवण्याबद्दल लिहिलं. नाहीतर ही बाळं महिनोन् महिने इस्पितळातच वाढायची.

पैशाची अडचण वेगळीच होती. आयोवातली केटी बेकेट नावाची तीन वर्षांची मुलगी (तिला डाऊन नव्हता, मेंदूज्वरानंतर व्हेंटिलेटर लागत होता) इस्पितळात अडकून पडली होती. घरी खर्च कितीतरी कमी होता, पण सरकारी विमा फक्त इस्पितळातलाच खर्च देणार! 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं, केटी नाताळाआधी घरी गेली आणि पुढच्या वर्षी कायद्यात तशी वाट झाली. ती 2012 पर्यंत जगली.

राहिलं ते जिन्याखालचं खोकं. इंजिनियर असल्यामुळे मी आधी तेच निरखलं होतं. आत ऑक्सिजन 'बनत' नाही. घरातलीच हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खड्यांच्या नळकांड्यातून जाते, खडे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. खडे भरत आले की दाब सोडायचा, तोवर दुसरं नळकांडं कामाला लागतं. तो दर काही सेकंदांनी येणारा 'फुस्स' आवाज त्याचाच. बाहेर पडतो तो 90 टक्क्यांच्या वर शुद्ध. चिऊला त्यातला मिनिटाला पाव लिटर पुरायचा.

आता दाजींचा प्रश्न. त्याचं उत्तर मला उशिरा कळलं, पण दिलासा देणारं आहे. धोका असतो तो डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढायच्या आधी, साधारण पूर्ण दिवस भरेपर्यंतच्या काळात. चिऊचे डोळे घरी सोडण्याआधी तपासले होते, त्यामुळे नंतरच्या ऑक्सिजनचं ते भय नव्हतं. आणखी एक, काही अभ्यासांत डाऊन सिंड्रोमच्या बाळांमध्ये हा नेत्रविकार उलट कमी आढळला. नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारा एक घटक एकविसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकातून येतो, आणि यांच्याकडे ते गुणसूत्र एक जादा! पण फार लहान बाळांसाठी नेमका किती ऑक्सिजन हे भांडण आपल्या काळातही चालूच राहिलं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रक्तातला ऑक्सिजन 85 ते 89 टक्के ठेवलेल्यांत डोळ्याचा गंभीर विकार 8.6 टक्के होता, 91 ते 95 ठेवलेल्यांत 17.9. पण मृत्यू पहिल्या गटात 19.9 टक्के आणि दुसऱ्यात 16.2. क्रॉस यांचाच हिशेब, नव्या आकड्यांत.

आपल्याकडे तर डोळे वेळेवर न तपासल्याने गेल्याची प्रकरणं कोर्टात पोचली. चेन्नईत 1996 मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 1.8 कोटींची भरपाई द्यायला लावली. अपुऱ्या दिवसांचं बाळ घरात असेल तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, डोळ्यांची तपासणी कधी?

चिऊचा ऑक्सिजन अकरा महिने चालला. आधी दिवसाचा सुटला, मग दुपारच्या झोपेचा, शेवटी रात्रीचा. तोवर ती नळी हातात धरून चघळायला शिकली होती, आणि एकदा तर रांगत जाऊन खोक्याचं बटण बंद करून आली. शेवटच्या रात्रीच्या तपासणीचा निकाल चांगला आला तेव्हा ताईने साताऱ्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता समई लावलीस का?"

"अगं, सिलिंडर अजून घरातच आहेत," ताई म्हणाली. "मंगळवारी न्यायला येणारेत."

"बरं," आई म्हणाली. "मंगळवारी संध्याकाळी लाव."