सदस्याचा मृत्यू आणि रॉक बँडचे भवितव्य : चाहत्यांच्या तर्कवितर्कांचा एक ऐतिहासिक अभ्यास
(लेड झेपेलिन, एसी/डीसी व क्वीन यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉक संगीत हे युवक संस्कृतीचे प्रमुख माध्यम बनले. या संगीताचे एकक एकटा कलावंत नसून चार-पाच जणांचा बँड हे होते. अशा बँडमधील एखादा सदस्य मृत्यू पावला म्हणजे 'आता पुढे काय?' हा प्रश्न चाहत्यांना पडतो आणि तर्कवितर्कांना ऊत येतो. प्रस्तुत शोधनिबंधात तीन बँडच्या इतिहासाच्या आधारे या तर्कवितर्कांचे स्वरूप तपासले आहे. चाहत्यांचे अंदाज व्यक्तींच्या बाबतीत बहुधा चुकले. मात्र बँडच्या नावावर खरा हक्क कोणाचा, हा त्यांमागील प्रश्न अचूक होता, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : रॉक संगीत, बँड, चाहते, उत्तराधिकार, सामूहिक शोक, स्मृती.

प्रस्तावना :
राजा गेला तर गादीवर कोण बसणार, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित आहे. परंतु जेथे गादी नाही, लिखित नियम नाही आणि प्रजा म्हणजे केवळ श्रोते आहेत, अशा ठिकाणी उत्तराधिकार कसा ठरतो, याचा विचार इतिहासलेखनात फारसा झालेला नाही. रॉक बँड हे अशा संस्थेचे उत्तम उदाहरण होय. एकाच नावाखाली काही माणसे एकत्र येतात, त्या नावाला कीर्ती मिळते आणि मग ते नाव माणसांहून मोठे होते. सदस्याच्या मृत्यूनंतर मात्र नाव मोठे की माणूस मोठा, हा प्रश्न उघड्यावर येतो.

सन १९८० या एकाच वर्षी दोन विख्यात बँडवर असा प्रसंग ओढवला. फेब्रुवारीत एसी/डीसीने आपला गायक गमावला आणि सप्टेंबरमध्ये लेड झेपेलिनने आपला ड्रमवादक. सामान्य तर्काने पाहता गायक हा बँडचा चेहरा असतो. त्याच्या जाण्याने बँड संपावा. ड्रमवादक मंचाच्या मागच्या बाजूला बसतो. त्याची जागा भरून निघावी. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट. हा विरोधाभास प्रस्तुत अभ्यासाचा आरंभबिंदू आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :
१) सदस्याच्या मृत्यूनंतर चाहत्यांमध्ये निर्माण झालेल्या तर्कवितर्कांचे स्वरूप समजून घेणे.
२) बँडच्या प्रत्यक्ष निर्णयामागील कारणांचा शोध घेणे.
३) तर्कवितर्क आणि निर्णय यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.

गृहीतके :
१) चाहत्यांचे तर्कवितर्क ही केवळ अफवा नसून ती सामूहिक शोकाची एक रीत आहे.
२) बँडचे भवितव्य दिवंगत सदस्याच्या प्रसिद्धीवर अवलंबून नसून संगीतनिर्मितीतील त्याच्या स्थानावर अवलंबून असते.

संशोधन पद्धती :
या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित चरित्रे, ध्वनिमुद्रिका आणि बँडची जाहीर निवेदने यांविषयीच्या उपलब्ध माहितीचा दुय्यम साधने म्हणून उपयोग केला आहे.

पूर्वपरंपरा :
१९८० मधील चाहत्यांपुढे काही जुने दाखले होते. रोलिंग स्टोन्सचे संस्थापक सदस्य ब्रायन जोन्स यांना जून १९६९ मध्ये बँडमधून दूर करण्यात आले व ३ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. अवघ्या दोन दिवसांनी, ५ जुलैला, नवे गिटारवादक मिक टेलर यांच्यासह बँडने लंडनच्या हाइड पार्कमध्ये कार्यक्रम केला. दुसरा दाखला अमेरिकेतील डोअर्सचा. गायक जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. उर्वरित तिघांनी स्वतः गाऊन आणखी दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. परंतु श्रोत्यांनी त्या मनापासून स्वीकारल्या नाहीत आणि १९७३ मध्ये बँड विसर्जित झाला. तिसरा दाखला सर्वांत ताजा होता. द हू या बँडचे ड्रमवादक कीथ मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी मरण पावले आणि त्यांच्या जागी केनी जोन्स आले. म्हणजे ड्रमवादक बदलता येतो व गायक बदलता येत नाही, हा समज पूर्वानुभवावर आधारलेला होता.

लेड झेपेलिन : विसर्जनाचा निर्णय
जिमी पेज, रॉबर्ट प्लांट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम या चौघांनी १९६८ मध्ये स्थापन केलेला हा बँड बारा वर्षांत एकदाही सदस्य न बदलता टिकला. (पेज व प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसमवेत केलेले ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाले.) १९७५ मधील प्लांट यांचा मोटार अपघात आणि १९७७ मधील त्यांच्या लहान मुलाचा मृत्यू यांमुळे बँडच्या भवितव्याविषयी आधीच शंका होत्या. ऑगस्ट १९७९ मध्ये नेबवर्थ येथे झालेले दोन कार्यक्रम आणि १९८० च्या उन्हाळ्यातील युरोपचा दौरा यांमुळे त्या काहीशा निवळल्या. अमेरिकेच्या दौऱ्याची तालीम सुरू असतानाच २५ सप्टेंबर १९८० रोजी अतिमद्यपानानंतर बॉनम यांचा पेज यांच्या घरी मृत्यू झाला. त्यांचे वय ३२ वर्षे होते.

यानंतरचे दहा आठवडे चाहत्यांच्या दृष्टीने अनिश्चिततेचे होते. संगीतविषयक साप्ताहिके हेच तेव्हा बातमीचे मुख्य साधन होते. डेव्ह लुइस यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या 'टाइट बट लूज' यासारख्या चाहत्यांच्या नियतकालिकांनी हा विखुरलेला समाज एकत्र बांधला होता. कोझी पॉवेल, कार्माइन अॅपिस अशा नामवंत ड्रमवादकांची नावे वृत्तपत्रांतून फिरू लागली. काही वृत्तपत्रांनी पेज यांच्या गूढविद्येच्या आवडीचा संबंध मृत्यूशी जोडून शापाची कथाही रचली. मात्र या सर्व चर्चेत एक बाब गृहीत धरलेली होती. ती म्हणजे रिकामी जागा भरली जाणारच.

४ डिसेंबर १९८० रोजी बँडने संक्षिप्त निवेदन काढून पूर्वीप्रमाणे पुढे जाणे शक्य नसल्याचे जाहीर केले. या निर्णयामागे मैत्री होती. प्लांट आणि बॉनम हे तर बँडच्या स्थापनेपूर्वीपासूनचे सहकारी. पण केवळ मैत्री हे कारण पुरेसे ठरत नाही. लेड झेपेलिनचे संगीत मंचावर दर वेळी नव्याने घडत असे. एखादी रचना दहा मिनिटांची होईल की पंचवीस मिनिटांची, हे चौघांच्या परस्परसंवादावर ठरे. त्या संवादातील एक बाजू नाहीशी झाल्यावर उरलेले संगीत हे त्या संगीताचा तीन-चतुर्थांश भाग नव्हते. ते दुसरेच काही झाले असते.

एसी/डीसी : उत्तराधिकाराचा स्वीकार
ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९७३ मध्ये माल्कम व अँगस यंग या बंधूंनी एसी/डीसीची स्थापना केली. बॉन स्कॉट हे त्याचे पहिले गायक नव्हते. ते १९७४ मध्ये आले. 'हायवे टू हेल' या १९७९ मधील ध्वनिमुद्रिकेने बँडला जागतिक यशाच्या उंबरठ्यावर आणले असतानाच १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये स्कॉट यांचे निधन झाले. त्यांचे वय ३३ वर्षे होते.

गायक गेला म्हणजे बँड संपला, अशी भीती चाहत्यांना वाटणे स्वाभाविक होते. स्कॉट यांच्या आईवडिलांनीच पुढे चालत राहण्यास सांगितले, असे बँडच्या सदस्यांनी नंतर नमूद केले आहे. काही आठवड्यांतच ब्रायन जॉन्सन यांची निवड झाली. ते पूर्वी जॉर्डी या बँडचे गायक होते आणि स्कॉट यांनी हयातीत त्यांच्या गायनाची प्रशंसा केली होती, ही आठवण अँगस यंग सांगत आले आहेत. दिवंगताची अशी पूर्वसंमती उत्तराधिकाऱ्याला मान्यता मिळवून देण्यास साहाय्यभूत ठरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२५ जुलै १९८० रोजी 'बॅक इन ब्लॅक' प्रकाशित झाली. काळेभोर वेष्टन आणि आरंभीचा घंटानाद ही शोकाची चिन्हे होती. बँडने शोक आणि सातत्य एकाच कृतीत व्यक्त केले आणि श्रोत्यांनी ते मान्य केले. जगात सर्वाधिक विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांत आज तिची गणना होते. यातील शब्दरचनेत स्कॉट यांचा अप्रकट वाटा असावा, हा तर्क काही चाहत्यांनी पुढे अनेक दशके लावून धरला. बँडने तो नाकारला असला तरी त्यामागील भावना बोलकी आहे. येथे तर्काची दिशा भविष्याकडून भूतकाळाकडे वळली. गेलेल्या माणसाचा हात अजूनही कामात असावा, ही त्यामागील इच्छा होय.

या बँडला सातत्य साधले याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचा गाभा यंग बंधूंच्या गिटारवादनात होता आणि गायकासह अन्य सदस्य पूर्वीही बदलले होते. बदल पचविण्याची सवय या संस्थेला होती.

क्वीन : मधला मार्ग
फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. झांझिबार येथील पारशी कुटुंबात १९४६ मध्ये जन्मलेल्या या गायकाचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच 'द हेक्टिक्स' या शालेय बँडमध्ये त्यांनी प्रथम वादन केले. १९७० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या क्वीनमध्ये ब्रायन मे, रॉजर टेलर आणि १९७१ पासून जॉन डीकन हे त्यांचे सहकारी होते.

क्वीनच्या बाबतीत तर्कवितर्क मृत्यूपूर्वीच सुरू झाले होते. ऑगस्ट १९८६ नंतर बँडने दौरा केला नव्हता आणि मर्क्युरी यांच्या प्रकृतीविषयी वृत्तपत्रांत सतत लिहिले जात होते. एड्सविषयीच्या भीतीचा व कलंकाचा तो काळ होता. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आपल्या आजाराची जाहीर वाच्यता केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. चाहत्यांना बातमी पचविण्यास एक दिवसही मिळाला नाही. लंडनमधील त्यांच्या घरासमोर फुले आणि चिठ्ठ्या साचल्या.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली स्टेडियममध्ये झालेल्या स्मृती कार्यक्रमात अनेक गायकांनी मर्क्युरी यांची गीते गायिली. जॉर्ज मायकेल यांचे गायन विशेष गाजले आणि तेच क्वीनचे नवे गायक होणार, अशी चर्चा सुरू झाली. ती फलद्रूप झाली नाही. त्याऐवजी मर्क्युरी यांनी अखेरच्या काळात ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या आवाजावर उर्वरित तिघांनी काम केले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' प्रकाशित झाली. यातील 'मदर लव्ह' या गीताचे शेवटचे कडवे गाण्यासाठी मर्क्युरी परतू शकले नाहीत. ते मे यांनी गायिले. एकाच गीतात आवाज बदलतो तेथे चाहत्यांना मृत्यूची सीमारेषा प्रत्यक्ष ऐकू येते.

डीकन १९९७ नंतर निवृत्त झाले. मे आणि टेलर यांनी २००५ मध्ये पॉल रॉजर्स यांच्यासह आणि २०१२ पासून अॅडम लॅम्बर्ट यांच्यासह दौरे केले. मात्र फलकावर 'क्वीन' एवढेच नाव न लिहिता त्यापुढे अधिकचे चिन्ह आणि नव्या गायकाचे नाव लिहिण्यात आले. हे छोटेसे चिन्ह ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. पाहुण्याला मंच मिळाला, पण जागा मिळाली नाही. चाहत्यांच्या आक्षेपाला नावातच उत्तर देण्यात आले होते. तरीही काही चाहत्यांना डीकन यांची माघारच अधिक प्रामाणिक वाटते. हा वाद मिटलेला नाही.

तुलनात्मक विवेचन :
तिन्ही उदाहरणांत चाहत्यांनी 'कोण?' असे विचारले, तर बँडने 'काय?' या प्रश्नाचा विचार केला. लेड झेपेलिनच्या दृष्टीने बँड म्हणजे विशिष्ट चार माणसे. एसी/डीसीच्या दृष्टीने विशिष्ट नाद. तर क्वीनच्या दृष्टीने विशिष्ट गीतांचा वारसा. माणसे बदलता येत नाहीत, नाद पुढे नेता येतो आणि वारशाला नवा वाहक लाभू शकतो.

दुसरे असे की, विसर्जनानेही तर्कवितर्क थांबले नाहीत. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओ-टू सभागृहात लेड झेपेलिनच्या तीन सदस्यांनी बॉनम यांचे पुत्र जेसन यांच्यासह एक कार्यक्रम केला. सुमारे वीस हजार आसनांसाठी दोन कोटी मागण्या आल्याची नोंद गिनेस बुकमध्ये आहे. पुत्राने पित्याच्या जागी बसावे, हा उत्तराधिकार चाहत्यांना तत्काळ मान्य झाला. तरीही बँड पुन्हा उभा राहिला नाही. मागणीचा प्रचंड दबाव असूनही नकार देता येतो, हे यातून सिद्ध झाले.

तिसरी बाब निर्णयाधिकाराची. चाहत्यांना उत्तराधिकारी निवडता येत नाही. परंतु निवडलेल्याला स्वीकारणे वा नाकारणे त्यांच्याच हाती असते. डोअर्सच्या वाट्याला नकार आला, तर जॉन्सन यांना स्वीकार लाभला. श्रोत्यांचे मौन हाही एक निकालच असतो.

निष्कर्ष :
१) दिवंगत सदस्य गायक आहे की वादक, यावर बँडचे भवितव्य ठरत नाही; संगीत कसे निर्माण होत होते, यावर ते ठरते.
२) रिकाम्या जागेसाठी चाहत्यांनी व वृत्तपत्रांनी पुढे केलेली नावे लेड झेपेलिन व क्वीन यांच्या बाबतीत फोल ठरली, परंतु त्या चर्चेने शोकाला बोलण्याची वाट दिली.
३) दिवंगताची पूर्वसंमती, कुटुंबीयांचा पाठिंबा आणि शोकाची जाहीर खूण या तीन गोष्टी उत्तराधिकार मान्य होण्यास पोषक ठरतात.
४) बँडच्या नावावर कायद्याने सदस्यांचा हक्क असला, तरी नैतिक हक्कात श्रोतेही वाटेकरी असतात. क्वीनच्या नावातील अधिकचे चिन्ह ही या वाट्याची कबुली होय.

सारांश, 'त्याच्या जागी कोण?' असे विचारणारा चाहता वरवर भविष्याविषयी बोलत असतो. वस्तुतः गेलेल्या माणसाची किंमत तो मोजत असतो. जागा सहज भरली तर तो माणूस इतका सहज बदलण्याजोगा होता काय, हे दुःख. आणि न भरली तर आपले प्रिय संगीत थांबले, हे दुःख. या दोन दुःखांमधील ओढाताण हाच या तर्कवितर्कांचा खरा आशय असून सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.