मोटारीतला रेडिओ-टेप (पेडगाव-परभणी परिसर)

मोटारीच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि त्याच पेटीत बसवलेला कॅसेट वाजवणारा भाग, असे जोड उपकरण. दुकानदार त्याला ‘कार स्टिरिओ’ म्हणत, मेकॅनिक ‘डेक’ किंवा ‘सेट’; रस्त्यावर मात्र तो नुसता ‘टेप’. आतून रेडिओ वाजत असला तरी ‘टेप चालू आहे’ असेच म्हणायचे. पेडगाव हे परभणी तालुक्यातले गाव आणि परभणी-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातले पेडगाव ते हे नव्हे. ते श्रीगोंदे तालुक्यातले, भीमेकाठचे, बहादूरगडाचे. अर्थात काळीपिवळी प्रवासी जीपेत मागच्या बाकावरून कोणी ‘आवाज बारीक करा’ म्हटले की पुढचा चालक त्या दुसऱ्या पेडगावला जाऊन येई, हे खरे.

पूर्वेतिहास : अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० मध्ये मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ ‘मोटोरोला’ नावाने बाजारात आणला, पुढे कंपनीचेच नाव तसे झाले. त्या संचांत निर्वात नळ्या असत. त्यांना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत आणि बॅटरी देई सहा. मधली उडी मारण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाचा थरथरणारा भाग बसवत, त्याची घरघर गाडीभर ऐकू येई. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्झिस्टरने ही कटकट मिटवली. कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली आणि पाच वर्षांत तिचा मोटारीतला संचही काढला. आपल्याकडे अँबॅसिडर आणि फियाटच्या डॅशबोर्डात रेडिओसाठी खाच असे, पण रेडिओ पदरचे पैसे घालून बसवायचा. रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे आणि मोटारीतला संचही त्यातून सुटत नसे. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यास बंद झाली. कॅसेट स्वस्त होण्याचा काळही साधारण तोच. खेड्यापाड्यांत चालणाऱ्या जीपांत टेप शिरला तो तेव्हा.

रेडिओ लावणे : डावी फिरकी आवाजाची. ती उजवीकडे वळवताना पहिला ‘कट्’ आवाज झाला की संच चालू होतो. उजवी फिरकी केंद्र पकडण्याची. मधल्या काचेमागे सुई सरकते आणि तिच्याखाली आकडे असतात; जुन्या संचांवर ते मीटरमध्ये, पुढे किलोहर्ट्‌झमध्ये. परभणी आकाशवाणीचे मध्यमलहरी केंद्र १३०५ किलोहर्ट्‌झवर, २० किलोवॅट शक्तीचे. मीटरच्या मापात हे २३०च्या जवळ बसते, म्हणजे सुई डावीकडून निम्म्याच्या पुष्कळ पुढे न्यायची. पेडगाव केंद्रापासून इतके जवळ की दिवसा एरियल न ओढताही बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम खणखणीत यावेत. काळी, ओल धरणारी जमीन मध्यमलहरींना चांगली मानवते, हेही त्यामागचे एक कारण.

कळांचे पाच चौकोनी दात ज्या संचांना असत, त्यांत केंद्र ‘बांधून’ ठेवता येई. आधी फिरकीने केंद्र नीट पकडायचे, मग कळ बाहेर ओढून पूर्ण आत दाबायची. पुढच्या वेळी तीच कळ दाबली की आतल्या दांड्या सुईला बरोबर त्या जागी ढकलत. सगळे यांत्रिक. खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभरात बांधलेले केंद्र केसभर सरके आणि परभणीच्या पोटात दुसरीच शीळ वाजू लागे. पुन्हा ओढा, पुन्हा दाबा.

आकडे दाखवणाऱ्या संचांत वेगळी मेख होती. आपल्याकडची सर्व मध्यमलहरी केंद्रे ९ किलोहर्ट्‌झच्या पावलांवर आहेत, त्यामुळे त्यांचा आकडा ९ ने भागला जातो : मुंबई ५५८, हैदराबाद ७३८, पुणे ७९२, जळगाव ९६३, परभणी १३०५. अमेरिकेसाठी बनवलेला संच १०ची पावले टाकतो. तो १३०० वर थांबतो, नाहीतर १३१० वर. १३०५ त्याच्या वाटेवरच नसते. आवाज येतो, पण नाकातला. अशा संचात कोठेतरी ९ आणि १० असा बदल असतो, कधी मागे बारीक खटका, कधी दोन कळा एकदम दाबून धरायच्या. जपानी बाजारातला जुना संच असेल तर मध्यमलहरी ठीक लागतात, पण त्याचे एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झपर्यंतच, औरंगाबादचे १०१.७ त्यावर जन्मात लागणार नाही. बाहेरून हौसेने आणलेला महागडा संच इथे मुका ठरला तर बिघाड शोधण्याआधी हे पाहावे.

दिवस मावळला की कारभार बदलतो. वातावरणाच्या वरच्या भागातला दिवसा लहरी गिळणारा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि दूरची केंद्रे आकाशातून परावर्तित होऊन येऊ लागतात. २०० किलोवॅटचे हैदराबाद दिवसाही इकडे पोचे. मराठवाडा निजामी राज्यातून आलेला असल्याने त्यावरचे उर्दू कार्यक्रम ऐकणारे घरोघरी होते. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांची वेळ असे. सुधा नरवणे यांचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला पुण्यात राहावे लागत नसे.

एरियल : २३० मीटर लांबीच्या लहरीपुढे मीटरभराची काडी म्हणजे काहीच नव्हे. म्हणून मोटारीतल्या रेडिओत एरियल आणि संच यांचा मेळ एका बारीक स्क्रूने, ‘ट्रिमर’ने, घालावा लागतो, आणि इथेच बहुतेकांची चूक होई. एरियल बदलली की ट्रिमर नव्याने लावायचा असतो, हे कोणी सांगत नसे. रीत अशी : एरियल पूर्ण ओढावी, १४०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचे एखादे अशक्त केंद्र किंवा नुसती खरखर पकडावी आणि स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडावा. परभणीसारख्या जवळच्या दणकट केंद्रावर हे करू नये. तिथे स्क्रू कुठेही असला तरी आवाज सारखाच वाटतो.

खरखरीचा उगम कानाने ओळखता येतो. पेट्रोल इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक ठिणगीची. तिला प्लगच्या तारेत रोधक घालतात. वेगाबरोबर चढणारी शीळ अल्टरनेटरची, तिला कंडेन्सर. डिझेल जीपेत प्लगची ठिणगीच नसते, त्यामुळे खडखडाटासाठी बदनाम असलेल्या त्या गाडीत रेडिओ मात्र अधिक स्वच्छ लागे. वीजवाहिनीखालून जाताना येणारा गुंजारव कशानेच जात नाही, खांब मागे पडेपर्यंत थांबायचे.

कॅसेट वाजवणे : फितीची उघडी कड बहुतेक संचांत उजवीकडे येते. कॅसेट अरुंद बाजूने आत सरकवावी. वरच्या तोंडाला जी बाजू, ती वाजते. त्याआधी कॅसेटच्या चाकात सहापैलू पेन्सिल घालून सैल फीत ताणून घ्यावी. चाकाला आतून सहा दाते असतात, म्हणून पेन्सिल तिथे चपखल बसते. कॅसेट आत गेली की रेडिओ आपोआप बंद होतो. दोन बाणांच्या कळा फीत पुढे-मागे पळवतात. एक अडकून बसली असेल तर दुसरी हलकेच दाबली की सुटते. बाजू आपोआप पालटणाऱ्या संचात या दोन्ही कळा एकदम दाबायच्या, की फीत उलटी चालू लागते. त्या संचांत हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, दोनऐवजी चार वाटा असतात, कॅसेट बाहेर काढावी लागत नाही.

फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूत त्यामुळे सुमारे ८६ मीटर फीत जाते आणि ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये त्याच्या दीडपट. पेटी तेवढीच असल्याने फीत पातळ करावी लागते, आणि १२० मिनिटांची तर कांद्याच्या सालीसारखी. मोटारीत ही शेवटची वापरूच नये. परभणीचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. बंद गाडीच्या काचेखाली डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. तिथे ठेवलेल्या कॅसेटची पेटी वाकते, फीत सैलावते आणि पहिल्याच फेरीत रबरी चाकाला गुंडाळली जाते. याला ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणतात. खाल्ल्यावर कॅसेट हिसकायची नाही. संच बंद करावा, कॅसेट जेमतेम वर उचलावी, गुंता चाकावरून बोटाने उलटा सोडवावा. तुटलीच तर दोन टोके सरळ कापून पाठीमागून चिकटपट्टी लावावी, चमकत्या बाजूला. मातकट बाजूला लावली तर पट्टी हेडवर घासते.

एक सवय मात्र वाईट : कॅसेट आत ठेवूनच किल्ली काढणे. साध्या यांत्रिक संचात रबरी चाक धातूच्या काडीवर दाबलेलेच राहते. रात्रभरात त्याला खळगा पडतो आणि सकाळी गायकाचा स्वर दर फेरीला लचकतो. लोक कॅसेटला दोष देत.

धूळ हा इथला खरा शत्रू. काळ्या मातीची भुकटी आणि हंगामात कापसाचे तंतू संचाच्या तोंडातून आत जातात आणि फितीच्या तपकिरी लोहचूर्णाबरोबर हेडवर थर धरतात. टाळ आणि घुंगरू ऐकू येईनासे झाले, नुसता ढोलकीचा घुमारा उरला, की हेड पुसायची वेळ झाली असे समजावे. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवावा, हेड आणि धातूची काडी पुसावी, वाळू द्यावे. रबराला स्पिरिट कमी लावावे. एवढे करूनही आवाज दबकाच राहिला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू घड्याळजीच्या पेचकसाने पाव फेरा फिरवून पाहतात. हेड फितीला काटकोनात आले की वरचे सूर एकदम उजळतात. इथे मेकॅनिकच्या हातून नेहमी एक अनर्थ घडे. गिऱ्हाईक जी कॅसेट घेऊन येई, तिच्यावर स्क्रू लावला जाई. ती कॅसेट स्वतःच वाकड्या हेडवर भरलेली असली, तर तीच तेवढी गोड वाजे आणि घरातल्या बाकी सगळ्या कॅसेट मुक्या होत.

जोडणी : प्रमाणित संच १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच खाचेत बसतो. पिवळी तार थेट बॅटरीला, लाल किल्लीला, काळी गाडीच्या अंगाला. पिवळ्या तारेवर घड्याळ आणि बांधलेली केंद्रे जिवंत राहतात. पिवळ्या आणि लाल तारांची अदलाबदल झाली की किल्ली काढताच संच सगळे विसरतो. प्रवासी जीपांत दोन्ही तारा मुद्दामच बॅटरीला जोडून टाकत, म्हणजे फाट्यावर प्रवासी भरेपर्यंत किल्लीविना गाणी. परिणाम ठरलेला : प्रवासी भरले की त्यांनाच उतरून धक्का मारायला लागे. जुन्या संचात स्पीकरची एक तार गाडीच्या पत्र्याला लावली तरी चाले. नंतरच्या चार स्पीकरवाल्या संचांत तसे केले तर आतली चिप जळते. नव्या संचावर जुन्याच तारा ठेवणाऱ्यांनी असे कितीतरी संच पहिल्याच दिवशी घालवले.

काय वाजे : रेडिओवर काय ऐकायचे ते केंद्र ठरवी, कॅसेटवर ते चालक ठरवू लागला. मोटारमालकाच्या खाजगी करमणुकीसाठी काढलेले यंत्र भाड्याच्या जीपेत आले आणि दहा-बारा जणांच्या कानांवर एका माणसाची निवड चालू लागली. ती निवड हलकी नव्हती. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीते, एप्रिलात भीमगीते, आषाढीला बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरसाच्या दिवसांत कव्वाली. यातले बरेचसे गाणे रेडिओच्या ठरावीक वेळांत कधीतरीच भेटे. कॅसेटने त्याला दिवसभराची जागा दिली, आणि माझ्या मते मराठी लोकगायकीचा १९८० नंतरचा इतिहास लिहिताना जीपचा टेप वगळून चालणार नाही.

उत्तरकाळ : सीडी या भागात फार टिकली नाही, खड्डे तिला सोसत नसत. त्यानंतर मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हचे संच आले. मोबाइलच्या दुकानात गाणी ‘भरून’ मिळू लागली. अमेरिकेत कारखान्यातूनच कॅसेट घेऊन येणारी शेवटची नवी मोटार लेक्ससची, २०१० सालची. मधल्या काळात कॅसेटच्या आकाराचे, एका बाजूने तार निघालेले यंत्र मिळे. ते खाचेत घातले की मोबाइलचे गाणे जुन्या हेडमधून वाजे.

जुन्या जीपेतला कॅसेट संच पुन्हा चालू करायचा असेल तर आधी खाचेचे झाकण उचलून विजेरीने आत पाहावे. रिकाम्या खाचेत सुटे पैसे, पावत्या आणि उदबत्तीच्या काड्या सर्रास सापडतात. त्या चिमट्याने काढाव्यात, रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झाला असेल तर बदलावा, चाक बोटाने दोन फेरे फिरवून पाहावे आणि मगच लाल तार जोडावी. पहिली कॅसेट जिवाभावाची घालू नये.