जमाखर्चाची कोरी बाजू

वैशाखाच्या तोंडावर नागपूरकरांस पाण्याची महती सांगावयास नको. पाणी हवे, म्हणून धरण हवे; धरणाला पैसा हवा आणि घरचा पुरत नसेल तर तो परदेशातून कर्जाऊ आणावयाचा. येथवर सर्वांचे एकमत होते. मतभेद होतो तो पुढे. या धरणाचा हिशेब मांडावयाचा कोणी, आणि मुख्य म्हणजे केव्हा? याच प्रश्नाचा थोडा इतिहास आम्ही येथे पाहणार आहो.

असा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक आपल्या नागपुरात वाढलेल्या माणसाने केला. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी केली; तिचा ग्रंथ 1948 साली निघाला. सरकार पाहत असे ती पाणीपट्टीची आवक. गाडगीळांनी बागायती मुलूख आणि त्याच्या शेजारचा कोरडवाहू मुलूख यांची तुलना केली आणि कालव्यामुळे झालेले अप्रत्यक्ष लाभही मोजावयास घेतले. जमेची बाजू अशी रुंदावली. खर्चाची बाजू मात्र पुढेही पुष्कळ वर्षे अरुंदच राहिली. तिच्यात दगड, सिमेंट, मजुरी, व्याज एवढेच येई. बुडणारे अरण्य, आटणारी मासळी, उठणारे गाव यांच्यापुढचा रकाना कोरा राही.

त्या कोऱ्या रकान्याची किंमत नर्मदेच्या काठी कळली. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने 1985 साली 45 कोटी डॉलरचे कर्ज देण्याचा करार केला. भारत सरकारची पर्यावरणविषयक मान्यता आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, 1987 मध्ये. तीही अशी, की अभ्यास बांधकामाच्या जोडीने पुरे करावेत. बांधकाम पुढे गेले, अभ्यास मागे राहिले. आपल्या सातपुड्यातील 33 गावे बुडिताच्या छायेत आली. लोकांनी लढा उभारला. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे 1990 साली नर्मदाकाठी राहावयास गेले. अखेर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. पुनर्वसन व पर्यावरण या दोहोंचा विचार अपुरा झाला असून बँकेने एक पाऊल मागे घ्यावे, असे समितीने 1992 साली सांगितले. मार्च 1993 मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले.

येथे कोणी म्हणेल, जाणकारच नव्हते त्याला काय करावे? परंतु सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधनसंस्था आपल्याच शहरात 1958 साली निघाली होती, आणि 1974 मध्ये तिच्या नावात पर्यावरण हा शब्दही आला होता. देशात विद्या होती, अर्थशास्त्रीही होते. उणीव होती ती दोघांना कराराच्या आधी एका बैठकीवर बसविण्याची.

नर्मदेने दिलेला धडा अगदीच वाया गेला नाही. बाधित लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी बँकेने 1993 मध्ये तपासणी मंडळ स्थापिले. आपल्या देशातही 1994 च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांस पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले. धरण मात्र भारताच्या पैशाने उभे राहिले आणि 2017 साली राष्ट्रार्पण झाले. त्याचे पाणी सौराष्ट्र-कच्छपर्यंत गेले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्यांचे घर बुडाले त्यांच्या वहीत हा लाभ जमा होत नाही. एकाच्या जमेतून दुसऱ्याचा तोटा परस्पर वजा करता येत नाही, हे आधी कबूल केले असते तर भांडणाचे निम्मे कारण उरले नसते.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्याशीही आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जाची योजना आखली गेली. आमच्या नदीचे सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जाते; तेव्हा तेथील कोळी आणि शेतकरी आमच्या हिशेबात आलेच पाहिजेत. कर्ज परदेशाचे असो की घरचे, ते फेडणार आपली मुले. त्यांच्या हाती वही देताना तिची एक बाजू कोरी नसावी, एवढी खबरदारी घेणे आपल्या हाती आहे.