सोनमाशाचे कल्ले आणि नत्राचे कोडे

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे माझे गाव. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिथे गेलो असताना एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंचा निरोप आला. सकाळची शाळा सुटल्यावर गेलो. वर्गात काचेची टाकी होती. तीन आठवड्यांपूर्वी मुलांनी वर्गणी काढून तिच्यात तीन गोल्डफिश आणून सोडले होते. त्यांतले दोन आदल्या दिवशी मेले होते. तिसरा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत होता. कल्ल्यांवरची झाकणे भराभर हलत होती.

“सर, दुकानदाराने निळं औषध दिलं होतं. तीन दिवस टाकलं. पोरं रोज विचारतात, औषध देऊनही मासे का मेले? काय सांगू त्यांना?” बाईंनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते. माशाला श्वास लागला की त्याचा आजार कल्ल्यात आहे असे आपण धरून चालतो. पण कल्ला बिघडला की पाणी बिघडले, हे ओळखायला विज्ञानाला बराच काळ लागला. गंमत म्हणजे त्या शोधाच्या सुरुवातीलाही दोन गोल्डफिशच होते.

पाळीव मासा जुना, काचेची टाकी नवी

माशांची निगा राखणे ही काही परकी कल्पना नव्हे. लातूर जिल्ह्यालगतच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही एके काळी कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ टाकून मासे धरण्याचा छंद हा त्याचा विषय असला, तरी माशांचे प्रकार आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही राजाने नोंदवून ठेवले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

गोल्डफिश मात्र चीनचा. सोंग राजवटीत (९६० ते १२७९) तो तळ्यांत पाळला जाई आणि पुढे मिंग काळात मातीच्या मोठ्या भांड्यांत आला. १५९६ साली झांग छिएन्दे याने या माशावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सतराव्या शतकात हा मासा युरोपात पोचला आणि तिथे काचेच्या लहान वाडग्यांत शिरला. तळ्यात जे आपोआप होत होते, ते वाडग्यात होईना.

वॉरिंग्टन यांची टाकी

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधील रसायनतज्ज्ञ. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात हे तोवर माहीत झाले होते. मग मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता दोघांचे भागेल का? १८४९ मध्ये त्यांनी एका काचपात्रात वाळू, खडे व पाणी घेतले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले.

सुरुवातीला सारे सुरळीत चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर शेवाळाचा थर चढला आणि माशांच्या जिवावर बेतले. वॉरिंग्टन यांनी औषध शोधले नाही. निसर्गात कुजकी पाने कोण खाते, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि पाण्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग व शेवाळ फस्त केले. पाणी निवळले, मासे वाचले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचेच्या टाक्यांची हौस पसरली.

वॉरिंग्टन यांचा हिशोब होता तो प्राणवायूचा आणि कर्बवायूचा. नत्राचे खाते त्यात नव्हते. मासा जे खातो त्यातील प्रथिनांचा नत्र शेवटी जातो कुठे?

मुलाने सोडवलेले कोडे

या प्रश्नाचे उत्तर आले ते शेतीकडून. जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट होते हे शेतीशास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण ते निव्वळ रासायनिक क्रियेने होते असा समज होता. १८७७ मध्ये श्लोएसिंग व मुंट्झ या फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपत ठेवले. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागले. वाळूवर क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. क्लोरोफॉर्म जिवाला गुंगी आणतो, रसायनाला नाही. तेव्हा हे काम सजीवांचे होते.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती प्रयोगशाळेत हाच धागा एका रसायनतज्ज्ञाने पुढे नेला. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशच्या टाकीवाल्या वॉरिंग्टन यांचा हा मुलगा! ही क्रिया दोन टप्प्यांत होते, हे त्याने दाखवले. आधी अमोनियापासून नायट्राइट, मग नायट्राइटपासून नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी निरनिराळे. ते जीवाणू वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. ते यश १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांना मिळाले.

आपल्या पाठ्यपुस्तकातील नत्रचक्राच्या आकृतीमध्ये जे बाण असतात, त्यांतले दोन हे. बापाच्या टाकीत न दिसलेले खाते मुलाला शेताच्या मातीत सापडले.

कल्ला म्हणजे केवळ फुप्फुस नव्हे

साखळीतला एक दुवा अजून उरला होता. १९२९ मध्ये होमर स्मिथ या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कार्प आणि गोल्डफिश अशा रीतीने बांधले की माशाचा पुढचा भाग एका कप्प्यात आणि मागचा दुसऱ्या कप्प्यात राहील. दोन्हीकडचे पाणी तपासल्यावर असे दिसले की टाकाऊ नत्र मुख्यत्वे कल्ल्यांतून बाहेर पडतो. मूत्रपिंडांतून जाणाऱ्या नत्राच्या कितीतरी पट, आणि बहुतांशी अमोनियाच्या रूपात.

म्हणजे मासा ज्या इंद्रियाने श्वास घेतो त्यानेच नत्राची घाणही टाकतो. त्या नाजूक पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पाणी. पाण्यात अमोनिया साठला की तो बाहेर पडायला जागा राहत नाही आणि रक्तात तुंबतो. नायट्राइट साठला तर तो कल्ल्यातील क्लोराइड आत घेणाऱ्या वाटेनेच रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करतो. ते प्राणवायू वाहू शकत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. त्याचे रक्त व कल्ले तपकिरी, चॉकलेटी दिसू लागतात.

मराठवाड्यात यात आणखी एक भर पडते. आपल्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. पाण्यातील अमोनियाचा थोडा भाग मुक्त स्वरूपात असतो आणि विषारी असतो तो मुख्यतः हाच. २८ अंश तापमानाला सामू ७ असेल तर मुक्त भाग शेकडा ०.७ एवढाच. सामू ८.५ झाला की तोच शेकडा १८ च्या आसपास जातो, म्हणजे सुमारे पंचवीसपट. शिवाय पाणी तापले की प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांवर सुमारे ७. एप्रिलमधल्या वर्गातल्या टाकीचे हाल यावरून समजावेत.

मुरुडच्या टाकीचे निदान

बाईंनी मेलेला एक मासा फ्रीजमध्ये ठेवला होता, हे फार चांगले केले. कल्ल्यावरचे झाकण उचलून पाहिले. निरोगी कल्ला लालभडक असतो. हा चॉकलेटी होता. कात्रीने एक तंतू कापला, पाण्याच्या थेंबात ठेवला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहिला. कल्ल्यांवर आकड्यांनी चिकटणारे डॅक्टिलोगायरससारखे चपटे कृमी दिसले नाहीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा गोल फिरणारा आदिजीवही नव्हता. मुलांनी रांग लावून ते पाहिले.

मग मुलांना वेळापत्रक विचारले. पाणी बदलल्यावर काही तासांतच मासे तडफडू लागले असते, तर टँकरच्या पाण्यातील टीसीएल पावडरीचा, म्हणजे क्लोरिनचा संशय घेतला असता. नवा मासा आणल्यावर जुने मासे खडकाला अंग घासू लागले असते, तर कृमींचा. इथे त्रास नवी टाकी लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला होता. अमोनिया खाणारे जीवाणू तोवर बऱ्यापैकी वाढतात, नायट्राइट खाणारे मात्र मागे राहतात. त्यात मुले दर शनिवारी टाकीतले खडे चोळून धूत होती आणि मोठ्या प्रेमाने दिवसातून चारदा खाद्य टाकत होती. जीवाणू राहतात ते त्या खड्यांवरच.

आणि निळे औषध? ते मेथिलीन ब्लू. १८७६ मध्ये तयार झालेला हा रंग १८९१ मध्ये गुटमान व एर्लिख यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना दिला होता. माणसाच्या रक्तातील मेथहिमोग्लोबिन कमी करण्यासाठी आजही डॉक्टर तो वापरतात. तेव्हा दुकानदार अगदीच चुकला होता असे नाही. पण टाकीत ओतलेला हा रंग नायट्राइट खाणाऱ्या जीवाणूंनाही मारक ठरतो. लक्षणावर उपाय झाला आणि कारण वाढले.

उपाय साधा केला. तिसरा भाग पाणी बदलले. टँकरचे पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवले आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडील ओ.टी. चाचणीत पिवळा रंग येत नाही हे पाहूनच ते वापरले. (घाई असेल तर क्लोरिनच्या वजनाच्या सुमारे सातपट हायपो पुरतो.) लिटरला एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून टाकले. मिठातील क्लोराइड कल्ल्याच्या वाटेवर गर्दी करते आणि नायट्राइटला आत शिरू देत नाही. तीन दिवस खाद्य बंद ठेवले. पाणी खळबळते राहावे म्हणून हवेचा छोटा पंप लावला. चौथ्या दिवशी मासा तळाशी जाऊन खडे हुंगू लागला.

सारे पाणी बदलायला लावणे सोपे होते. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते या भागात कोणी विसरलेले नाही. घरी हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभा राहिलेला मुलगा शाळेत माशासाठी टाकीभर पाणी ओतून देतो, तेव्हा त्याच्या मनात प्रश्न येतोच. जीवाणू सांभाळले तर आठवड्याला पाचवा भाग पाणी बदलून भागते आणि काढलेले पाणी कुंड्यांना घालता येते. त्यात नायट्रेट असते, झाडांना ते हवेच असते. मीठ घातलेले पाणी मात्र कुंड्यांना घालू नये.

नवी टाकी लावणाऱ्या शिक्षकांनी एक करावे. पहिले पाच-सहा आठवडे एकच लहान मासा ठेवावा, खाद्य चिमूटभर द्यावे आणि खडे धुवायचेच झाले तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळावेत. मुलांकडून तारीख, पाण्याचे तापमान आणि कल्ल्यांची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात याची नोंद ठेवावी. आकडा वाढू लागला की मासा वर येण्याआधीच पाणी बिघडत चालल्याचे कळते.

निघताना बाईंनी मुलांचा प्रश्न फळ्यावर लिहिला : औषध देऊनही मासे का मेले? एका मुलीने उत्तर दिले, “कारण आजारी पाणी होतं, मासा नव्हता.” बाईंनी तिला पुढे बोलावून नत्रचक्र काढायला सांगितले. बाण काढताना ती दुसऱ्या बाणापाशी थांबली आणि म्हणाली, “आपली टाकी इथं अडकली होती.”