मॅकवरील जावा : मालकी आणि वारसा

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालावी, ही तिची प्रतिज्ञा होती. त्यासाठी प्रत्येक संगणकावर एक मध्यस्थ यंत्रणा लागते. विंडोज व लिनक्ससाठी ती सन स्वतः पुरवीत असे. मॅकसाठी मात्र हे काम ॲपलने आपल्याकडे घेतले.

यात सोय होती, हे आम्ही नाकारीत नाही. मॅक ओएस टेनसोबत जावा आपसूक घरी येई आणि त्या यंत्राच्या वळणाने वागे. परंतु सोयीबरोबर परावलंबनही आले. डिसेंबर २००६ मध्ये निघालेली जावाची सहावी आवृत्ती ॲपलने एप्रिल २००८ मध्ये दिली, तीही केवळ ६४ बिटी इंटेल यंत्रांपुरती. दरम्यान, बीएसडी प्रणालींसाठी झालेल्या स्वयंसेवी कामाच्या आधारे 'सोयलाटे' ही पर्यायी जावा २००७ मध्येच मॅकवर चालू लागली होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलने आपली जावा मोडीत काढण्याचा मनोदय जाहीर केला. यंत्रणा सर्वस्वी खाजगी असती, तर कथा येथेच संपण्याची भीती होती. पण सनने २००६ च्या नोव्हेंबरपासून जावाची मूळ संहिता खुली करण्यास आरंभ केला होता. त्यामुळे नोव्हेंबर २०१० मध्ये ॲपलने आपले काम 'ओपनजेडीके' या खुल्या प्रकल्पास देण्याचे ठरविले आणि २०१२ मध्ये ओरॅकलने मॅकसाठी सातवी आवृत्ती दिली.

मालकाची निगा मोलाची खरी. पण मालकाचे मन उडाल्यावर घर उभे राहते ते किल्ली अनेकांच्या हाती असल्यामुळेच, हा या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो.