निवृत्त कामगाराची खोली

सुभेदार रामजी सकपाळ मुलांना घेऊन मुंबईला आले, तेव्हा लष्करातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. लोअर परळच्या चाळीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. तिथेच चूल, तिथेच निजणे, तिथेच भीमरावांचा अभ्यास. पुढे १९१२ पासून हे कुटुंब परळला इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले आणि १९१३ साली रामजी वारले. त्या खोलीत बाबासाहेब कसे घडले हे आपण सभांतून नेहमी सांगतो. त्याच खोलीत एक म्हातारा माणूस पेन्शनीत घरभाडे बसवीत होता, हे मात्र सांगत नाही. आयुष्यभर राबलेल्या दलिताने म्हातारपणी राहायचे कुठे, हा प्रश्न इतका जुना आहे.

मुंबईत गरिबांसाठी सरकारी घरे कशासाठी बांधली गेली ते प्रथम पाहिले पाहिजे. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपले बीडीडी, निघाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास-मोरी सामाईक. भाडे परवडेना म्हणून सुरुवातीची काही वर्षे कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या! ही घरे माणसासाठी नव्हती, हातांसाठी होती. भोंगा वाजला की गिरणीच्या दारात हात हजर हवेत, एवढाच त्यांचा हिशेब. हात थकल्यावर माणूस कुठे जाईल, ह्याचा विचार त्या हिशेबात नव्हता.

कारण उत्तर गृहीत धरलेले होते : तो गावी जाईल. कोकणातला, घाटावरचा सवर्ण कामगार खरोखरच जात असे. खोली मुलाच्या किंवा पुतण्याच्या हवाली करून तो आपल्या घरी, आपल्या चार गुंठ्यांवर परते. गाव हीच त्याची पेन्शन होती. दलित कामगाराला गाव होते म्हणजे काय होते? गावकुसाबाहेरचा महारवाडा होता, आणि फार तर वतनाच्या जमिनीचा तुकडा, तोही बिनमोल राबणुकीच्या बदल्यात. १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली. राबणुकीतून सुटका झाली हे चांगलेच झाले, पण जमीन सरकारजमा होऊन पैसे भरल्यावर परत मिळायची होती, आणि पैसे किती जणांपाशी होते? जो गाव सोडून माणूस म्हणून जगायला शहरात आला, त्याला म्हातारपणी त्याच गावाची वाट दाखविणे ही क्रूर थट्टा होती.

ह्याला दुसरीही बाजू आहे. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून आपल्या लोकांना साळखात्याबाहेर ठेवले गेले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. साळखात्यात पगार जास्त होता. पगार कमी म्हणजे पुढे फंड कमी, ग्रॅच्युइटी कमी. तरुणपणी पाळलेला विटाळ असा म्हातारपणीच्या खोलीपर्यंत येऊन पोचतो.

माझे आजोबा रिंगखात्यात होते. डिलाइल रोडला एका नातेवाइकाच्या खोलीत ते पोटभाड्याने राहत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गिरणीत त्यांना पुन्हा घेतले नाही. नातेवाइकाच्या मुलाचे लग्न झाले आणि खोली सोडावी लागली. कल्याणच्या पुढे दोघे म्हातारा-म्हातारी खोली शोधत फिरली. भाडे ऐकून अर्ध्या ठिकाणांहून परतली, आडनाव सांगून उरलेल्या ठिकाणांहून. आजी म्हणायची, ‘‘एवढीशी खोली चालंल, पण तिथून ऊठ म्हणणारं कुणी नको.’’ ह्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी वर्गात इतिहास शिकवतो. घराच्या प्रश्नाची ह्याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही.

संपानंतर काय झाले? १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन वाटे करायचे ठरले : शहराला, घरांना, मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. कामगारांच्या घरांसाठी अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२ च्या सोडतीत घरे होती ६९२५, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची, किंमत साडेसात लाख. २०१४ साली फंडाची किमान पेन्शन ठरली महिना एक हजार. ह्या दोन आकड्यांची गाठ कोणत्या गणिताने घालायची? पुढे शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना आली. जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले आणि घर मुंबईतच द्या म्हणाले. हा हट्ट नव्हे. सत्तरीच्या माणसाला केईएमला जायचे असते आणि सुखदुःखाला आपली माणसे जवळ लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ह्याचा आनंद आहेच. पण लिफ्ट, पाणी, देखभाल ह्यांचा मासिक खर्च पेन्शनीतून भागला नाही, तर म्हातारा त्या घरात किती दिवस टिकेल? आणि जे माझ्या आजोबांसारखे पोटभाडेकरू होते, ज्यांचे नाव कुठल्याच पावतीवर नव्हते, त्यांचे काय?

म्हणून आपली मागणी केवळ ‘घर द्या’ एवढी असून भागणार नाही. भाडे आणि देखभाल निवृत्ताच्या उत्पन्नाशी बांधलेली असावी. खोली लहान असो, पण दवाखान्याजवळ, वस्तीत असावी. विधवेचे नाव पावतीवर असावे. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील साठीपुढच्या माणसांची यादी करावी : कोण कुणाच्या खोलीत, कुणाच्या मर्जीवर राहतो. विद्यार्थ्यांनी ती लिहून काढावी. शंभर वर्षांपूर्वी सरकारने हात मोजले. माणसे मोजायचे काम अजून बाकी आहे, आणि ते आपल्यालाच करावे लागेल.